निळी पेटी वगैरे

लंडनचा निळा पोलिस बॉक्स. काँक्रीटचं अंग, सागवानी दार, माथ्यावर दिवा. गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी १९२९च्या सुमारास हा नमुना केला. आत एक स्टूल, एक टेबल, झाडण्या, फडकी, आग विझवायचं नळकांडं आणि विजेची लहानशी शेगडी. ठाण्यातून खूण झाली की माथ्यावरचा दिवा उघडझाप करायचा. गस्तीवरचा हवालदार तो पाहून बॉक्सपाशी यायचा, फोन उचलायचा. फोन बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात असे. अडलेल्या कुणालाही तो वापरता यायचा, पैसे पडत नसत. १९५३मध्ये लंडन परिसरात असे ६८५ बॉक्स होते. पोलिसांच्या हाती वायरलेस आला आणि १९६९पासून बॉक्स उचलले जाऊ लागले.

त्याआधीच, २३ नोव्हेंबर १९६३ला, बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली होती. त्यातलं कालयान, टार्डिस, याच बॉक्सच्या रूपात अडकून पडलेलं. रस्त्यात सगळीकडे दिसणारी, कुणी वळूनही बघणार नाही अशी वस्तू हवी होती, म्हणून हा बॉक्स. आज अर्ल्स कोर्ट स्टेशनबाहेरच्या बॉक्सपाशी फोटोसाठी थांबणारी पोरं त्याला टार्डिसच म्हणतात. हा १९९६चा आहे, जुन्याची नक्कल. या आकारावर हक्क कुणाचा, असा वाद लंडन पोलिस आणि बीबीसीत झाला, आणि २००२मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. अस्सल पाहायचा तर डर्बीशरमध्ये क्रिचच्या ट्राम संग्रहालयात जावं. ग्लासगोतही थोडे उरलेत. तिथले एके काळी लाल होते. एडिनबरोचे वेगळ्या घडणीचे, जरा ऐसपैस. त्यांतल्या काहींत आता कॉफी मिळते. मला ते फार आवडतं. रस्त्यावरची वस्तू रस्त्यावरच्या माणसांच्या कामी येत राहिली.

मालिकेची प्रदर्शनं मात्र टिकली नाहीत. इंग्लंडमध्ये लाँगलीटच्या आवारातलं ‘डॉक्टर हू’चं प्रदर्शन: १९७३ ते २००३. ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावरचं: १९७४ ते १९८५. २००४मध्ये पुन्हा उघडलं, २००९मध्ये पुन्हा मिटलं.

कार्डिफ बे इथलं ‘डॉक्टर हू एक्स्पिरिअन्स’. २०१२च्या जुलैत उघडलं, ९ सप्टेंबर २०१७ला बंद झालं. पालिकेबरोबरचा पाच वर्षांचा भाडेकरार संपला, एवढंच कारण. मालिकेतल्या सायबरमॅनसारखं चालायचं कसं, हे तिथे पोरांना शिकवत. गुडघे ताठ, हात ताठ, नजर समोर. त्या काळात छापलेल्या गाइडबुकांत हे ठिकाण अजून आहे.

त्याच कार्डिफ बेमध्ये, मर्मेड की या धक्क्यावर, एक भिंत आहे. ‘डॉक्टर हू’तूनच निघालेल्या ‘टॉर्चवुड’ या मालिकेतल्या गुप्त तळाचं दार इथे दाखवलं होतं. त्या मालिकेतला यांटो जोन्स जुलै २००९मध्ये प्रक्षेपित झालेल्या भागांत मेला, आणि लोक तिथे फुलं ठेवू लागले. मग पत्रं, फोटो, हाताने केलेली चित्रं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेल्या पत्रातही पाणी शिरतं. शाई आधी जांभळी होते, मग कडेला ओघळते, शेवटी खालची सही तेवढी वाचता येते. नवं पत्र त्याच्या शेजारी लागतं. कधी जन्मलाच नाही अशा माणसासाठी परक्या देशांतून आलेली ही माणसं वेडी आहेत असं मला कधीही वाटलं नाही. धक्क्याच्या व्यवस्थापनालाही वाटलं नसावं, त्यांनी तिथे स्मरणफलक लावला.

असंच मिटलेलं आणखी एक, लास व्हेगसच्या हिल्टनमधलं ‘स्टार ट्रेक: द एक्स्पिरिअन्स’. जानेवारी १९९८ ते १ सप्टेंबर २००८. रविवारी सकाळी दूरदर्शनवर कॅप्टन कर्कला पाहिलेल्या आपल्या पिढीसाठी हे लांबचं तीर्थस्थान होतं. माणसं एका साध्या खोलीत रांगेने उभी राहायची. अचानक अंधार, अंगावर वाऱ्याचा झोत. दिवे लागले की आपण एंटरप्राइझ यानाच्या ट्रान्सपोर्टर कक्षात! त्या काही क्षणांच्या काळोखात पहिल्या खोलीच्या भिंती आणि छत सगळंच वर उचललं जाई. वारा त्यासाठीच सोडलेला, म्हणजे हलणारं काही जाणवू नये. यंत्र लपवणारी इतकी सुंदर युक्ती मला दुसरी ठाऊक नाही. बंद झाल्यावर हे सगळं शहरातल्या दुसऱ्या जागी नेणार होते. नेलं नाही.

आणि खुद्द ‘डॉक्टर हू’ मालिका. बीबीसीने जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या सहा वर्षांतले नव्वदच्या वर भाग त्यामुळे गेले. आवाज मात्र सगळ्या भागांचे आहेत, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून ते टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवले होते. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्मच्या प्रतीही अधूनमधून हाती लागतात. नायजेरियातल्या जॉस शहराच्या टीव्ही केंद्रातून नऊ हरवलेले भाग मिळाल्याचं २०१३मध्ये जाहीर झालं. मालकांनी टाकलं, प्रेक्षकांनी आणि परक्यांनी सांभाळलं, असं या साऱ्या क्षेत्रात वारंवार दिसतं. त्या प्रेक्षकांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

असाच एक सांभाळणारा प्रेक्षक, ‘स्टार ट्रेक’चा, जेम्स कॉली. न्यूयॉर्क राज्यात टिकॉन्डरोगा या गावी त्याने जुन्या ‘स्टार ट्रेक’चा अख्खा सेट मूळ आराखड्यांवरून पुन्हा उभारलाय: यानाचा ब्रिज, वळणदार कॉरिडॉर, दवाखाना, ट्रान्सपोर्टर कक्ष. २०१६पासून तो लोकांना पाहता येतो. कॅप्टनच्या खुर्चीत बसूही देतात. न्यू जर्सीकडची आपली मंडळी उन्हाळ्यात लेक जॉर्जला जातात, तिथून हे गाव गाडीने तासाभराच्या आत. सुट्टीच्या बेतात ते घालून घ्यावं, आणि पुढच्या वर्षावर ढकलू नये.