छर्रा, कबूतर आणि सुरी

इंग्लंडातल्या माझ्या चुलतभावाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने आम्हाला हिवाळ्यात कबुतरं मारायला बोलावलं. आपल्या मुंबईच्या कबुतरखान्यातली नव्हेत. हे वुडपिजन, मानेवर पांढरा डाग, अंगाने भरलेलं. थवेच्या थवे रेपच्या कोवळ्या पानांवर उतरतात. पिकाचं मोठं नुकसान टाळण्यासाठी ते मारायला तिथे सर्वसाधारण परवाना आहे; आधी बुजगावणी वगैरे करून पाहायची ही अटही त्यातच. १२ फूट-पाउंडपर्यंतच्या एअर रायफलला वेगळं सर्टिफिकेट लागत नाही.

महिनाभर मी फक्त कागदावर नेम धरला. ५.५ मिलिमीटरचा छर्रा ३० यार्डांवर नाण्याएवढ्या जागेत बसू लागला, तेव्हाच भावाने मला कुंपणाशी बसवलं. छर्रा जरा लांब गेला की खाली येतो, वारा त्याला ढकलतो, आणि नेम चुकला की पाखरू तडफडतं. म्हणून चार वेळा मी घोडा दाबलाच नाही.

पाचवं पडलं.

"बिस्मिल्ला म्हटलंस का?" भावाने विचारलं. म्हटलं होतं. पण आमचे मौलवीसाहेब म्हणतात, छर्रा कापत नाही, ठेचतो. जीव असताना गळ्यावर सुरी फिरली तरच हलाल. आणि चांगला नेम म्हणजे पाखरू जागच्या जागी गार! आता नवशिक्याने काय करावं? खेळ म्हणून मारलेली चिमणी कयामतला तक्रार करील, हे मदरशात ऐकलेलं. हातातली पिसं अजून गरम होती.

शेतकऱ्याने ते रात्री भाजून खाल्लं. आम्ही त्याच्याकडचे बटाटे घेऊन घरी आलो.