वायर लावलेली असताना

नाशिक, रविवार रात्र

चि. बाळास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर बोलताना तुझ्या हातातल्या व्हेपला वायर लावलेली दिसली. दुसरं टोक लॅपटॉपमध्ये. तू झुरका घेतलास, ते नळकांडं उशीवर टाकलंस आणि परीक्षेचं सांगायला लागलास. माझ्या शेजारी ताई बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. व्हेप ओढावं की ओढू नये, यावर हे पत्र नाही. सोडलंस तर मला मनापासून आनंद होईल, एवढंच. पत्र त्या वायरबद्दल आहे. वीस वर्षं मोबाईल दुरुस्त करणाऱ्या माणसाला तसं दृश्य दिसलं की झोप येत नाही, म्हणून आत्ताच लिहायला बसलो.

व्हेप म्हणजे ई-सिगारेट. ती उघडली तर आत फार काही नसतं. एक लिथियम-आयन सेल, नखाएवढं सर्किट, तारेचं बारीक वेटोळं आणि द्रवात भिजलेला कापूस. झुरका घेतला की सेलमधला करंट वेटोळ्यातून जातो, ते तापतं आणि द्रवाची वाफ होते. हा सेल म्हणजे मोबाईलमधल्या सेलचा सख्खा भाऊ. सोनीने १९९१मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयनच्या घराण्यातलाच.

आता हिशेब बघ. साध्या, छोट्या व्हेपचं वेटोळं साधारण १० वॅट खातं. सेलचे ३.७ व्होल्ट धरले तर झाले पावणेतीन अँपिअर. लॅपटॉपच्या जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून मिळतात ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. उरलेले साडेसात वॅट सेललाच द्यावे लागतात. ओढणाऱ्याला वाटतं, आपण भिंतीतली वीज वापरतोय. प्रत्यक्षात बहुतेक भार पडतो तो सेलवरच. सेल ४.२ व्होल्टला पोचत आला की सर्किट करंट हळूहळू कमी करत आणतं आणि मग थांबवतं. मध्येच झुरका घेतला की व्होल्टेज खाली बसतं, सर्किट सेलला पुन्हा भरायला घेतं. असं तासभर चाललं तर जवळजवळ भरलेला सेल सतत गरम राहतो, आणि त्याच्या शेजारीच वेटोळं दोनशे अंशांच्या आसपास तापत असतं.

मोबाईलही लोक चार्जिंगला लावून वापरतातच की, असं तू म्हणशील. चांगल्या मोबाईलमध्ये बाहेरून आलेल्या विजेची वाट वेगळी काढलेली असते, सेलचं तापमान मोजणारा सेन्सर असतो, गरम झालं की चार्जिंग मंदावतं. काही व्हेपमध्येही अशी सोय असते. तिला पास-थ्रू म्हणतात आणि तसं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. काही व्हेप तर वायर लावताच झुरका बंद करतात. ते यंत्र बिघडलेलं नसतं, शहाणं असतं. स्वस्त यंत्रात यातलं काय आहे आणि काय नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

आत काय घडतं ते मी एकदा हातभर अंतरावरून पाहिलं आहे. गिऱ्हाईकाने आणलेल्या फोनची बॅटरी पापडासारखी फुगली होती. ती डिंकातून सोडवताना माझ्या हातची पत्री जरा जास्त आत गेली. चूक माझीच. आधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर, उग्र वास आला, मग फुस्स आवाज, पांढरा धूर, आणि पाठोपाठ ज्वाळा. ‘अरे’ म्हणायलाही वेळ मिळाला नाही. टेबलाखाली वाळूची बादली होती, तिच्यात ती ढकलली. बाहेर काढली तेव्हा तिचा नुसता काळा खपला उरला होता. तो फोनचा सेल पातळ, पाकिटासारखा होता. व्हेपमध्ये अनेकदा स्टीलच्या नळीतला गोल सेल असतो. आतले दोन थर वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पडदा केसापेक्षाही पातळ. १३० अंशांच्या आसपास तो वितळू लागतो, थर एकमेकांना भिडतात, उष्णता वाढते आणि त्या उष्णतेने आणखी उष्णता तयार होते. मग वायर उपटूनही उपयोग नसतो. स्टीलची बाजू मजबूत, टोकं कमकुवत. त्यामुळे सगळा दाब एका टोकातून बाहेर पडतो, भुईनळ्यासारखा.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या, ई-सिगारेट पेटल्याच्या किंवा फुटल्याच्या १९५ घटना एका अहवालात गोळा केल्या. ६१ वेळा यंत्र किंवा सुटा सेल खिशात होता, ६० वेळा यंत्र वापरात होतं आणि ४८ वेळा चार्जिंगला. हे आकडे वाचून मला तुझं कालचं दृश्य जास्तच खुपलं. चार्जिंगला लावलेलं यंत्र सहसा टेबलावर असतं, माणसापासून चार हात लांब. वायर लावून ओढणारा चार्जिंगचा धोका आपल्या ओठांशी आणतो. त्या अहवालात मृत्यू एकही नव्हता. पुढे २०१८मध्ये फ्लोरिडात आणि २०१९मध्ये टेक्ससमध्ये व्हेपच्या स्फोटाने माणसं गेली. इंग्लंडात त्याआधीच, ऑगस्ट २०१४मध्ये, मर्सीसाइडमधल्या वॉलसीत चार्जिंगला लावलेली ई-सिगारेट फुटली, तिने खोलीतल्या ऑक्सिजनच्या उपकरणाला पेटवलं आणि ६२ वर्षांच्या एका गृहस्थांचा जीव गेला.

सिएटलच्या एका रुग्णालयात ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ या काळात असे १५ जखमी आले. बाराजणांना ज्वाळांनी भाजलं होतं, पाचजणांना सेलमधल्या रसायनांनी. म्हणून कुणाला अशी इजा झालीच, तर लिथियमची बॅटरी फुटली हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावं. नुसतं ‘भाजलं’ म्हणू नये.

तुमच्याकडे ब्रिटनमध्ये १ जून २०२५पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली. कचऱ्याच्या दृष्टीने उत्तम झालं. पण आता विकायचं ते पुन्हा भरता येणारं आणि पुन्हा चार्ज होणारंच असायला हवं. याचा अर्थ लेस्टरमधल्या तुमच्या त्या पाचजणांच्या घरात रात्री गादीवर, कार्पेटवर, रजईच्या घडीत चार-पाच तरी वायरी लागलेल्या असणार. माझी काळजी तिथे आहे.

तर असं कर. चार्जिंगला लावलंस की चिनी मातीच्या बशीत ठेव, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कागद-कपड्यांपासून दूर. जागा असशील तेव्हाच लाव, झोपताना नको. बरोबर आलेली केबल वापर, आणि फोनचा चार्जर त्याला लावू नकोस. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचंही तेच सांगणं आहे. झुरका घ्यायचा तर आधी वायर काढ, यंत्र हाताला थंड लागू दे. ते पाण्यात पडलं, वाकलं, फुगलं किंवा एरवीपेक्षा जास्त तापू लागलं, तर चार्जिंगला लावूच नकोस; विकत घेतलंस त्या दुकानात नेऊन दे, घरच्या कचऱ्यात टाकू नकोस. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात नको. धूर दिसला तर विझवत बसू नकोस. दार ओढून घे, सगळ्यांना बाहेर काढ, ९९९ला फोन कर.

दिवाळीला येताना ते आणू नकोस. भारतात सप्टेंबर २०१९च्या वटहुकमापासून ई-सिगारेट आयात करण्यावर आणि विकण्यावर बंदी आहे, त्याच वर्षी त्याचा कायदाही झाला. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतरत्र विमानाने जाशील तेव्हा ते हातातल्या बॅगेत ठेवायचं आणि विमानात चार्ज करायचं नाही. २०१४मध्ये बोस्टनला एका विमानाच्या सामानात ई-सिगारेटमुळे आग लागली होती. पुढच्याच वर्षी मोठ्या बॅगेत ती ठेवायला आंतरराष्ट्रीय बंदी आली.

ताईला मी काही बोललो नाही. ते तुझं तू सांग. तुझ्या व्हेपच्या बुडाशी बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतील, त्याचा आणि केबलच्या दोन्ही टोकांचा स्वच्छ उजेडात फोटो काढून पाठव. भिंग लावून बघतो. तोवर रात्री ती वायर काढून ठेव.

तुझा,
मामा