पायथन शिकतोय

पंधरा दिवस झाले, पोराच्या लॅपटॉपवर पायथन शिकतोय. दहावी पास माणसाला जमेल का, ही धाकधूक होतीच. पण ही भाषा पेरणीसारखी निघाली. 'जर'च्या खालच्या ओळी सारख्याच आत घ्यायच्या. एखादं तास वाकडं गेलं की प्रोग्राम अडतो.

पहिला हिशोब पावसाचा लिहिला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी ४,०४७ लिटर. वहीतले १२ मिलिमीटर टाकले, ४८,५६४ लिटर आले. विहिरीनं तळ गाठलाय, त्यामुळं हा आकडा मोलाचा.

पण त्यातलं मुरलं किती, वाहून गेलं किती, हे या हिशोबात नाही. वीतभर उकरून माती मुठीत दाबून बघायची, मगच ठिबक चालू करायचं का ते ठरवायचं.