धुळीचं माप

मुलुंडमध्ये रणगाडा रंगवायचा मोसम कोजागरीनंतर सुरू होतो. त्याआधी हात कितीही शिवशिवले तरी उपयोग नसतो. पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की एअरब्रशमधून सुटलेला लॅकरचा गडद हिरवा प्लॅस्टिकवर बसता बसता पांढुरका पडतो. थिनर झपाट्याने उडून जातो, जाताना पृष्ठभाग गार करतो आणि त्या गारव्यावर हवेतली वाफ येऊन बसते. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवायला एक छोटी पारदर्शक वाटी असते, ती जुलैत बघता बघता भरते. या छंदावरची पुस्तकं लिहिणारे बहुतेक थंड, कोरड्या देशांतले, त्यामुळे त्यांच्याकडे ही वाटी एका ओळीत उरकलेली असते. आमच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला राहणाऱ्याने लिहायला घेतलं तर तिच्यावर अख्खा अध्याय होईल.

टेबलावर आहे तो सेंच्युरियन. मूळचा पन्नास टनांहून जड, ब्रिटिश घडणीचा. १:३५ मापात आला की त्याचा सांगाडा माझ्या एका वितीत मावतो, तोफेची नळी तेवढी पुढे उरते. हे पस्तीसचं माप कुठून आलं त्याचीही गंमत आहे. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. ते मोटरवर चालायचं, तेव्हा पोटात बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबाने त्यांनी सांगाडा आखला. नंतर मोजून पाहिलं तर तो खऱ्या रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला. पुढे बाकीच्यांनीही तेच माप उचललं. आज जगभरचे लोक मिलिमीटरच्या दशांशावरून हमरीतुमरीवर येतात, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी बॅटऱ्यांची जाडी आहे.

मापाची बाधा एकदा झाली की सुटत नाही. मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका काढला तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन सेंटिमीटरचा होतो. या सेंच्युरियनची तोफ ८४ मिलिमीटरची, म्हणजे माझ्या टेबलावर तिचं तोंड अडीच मिलिमीटरसुद्धा नाही. पावणेसहा फुटांचा सैनिक पाच सेंटिमीटरचा होतो. त्याच्या बुटाला लागलेल्या चिखलाची जाडी किती, हा प्रश्न मग रात्री साडेअकराला फार महत्त्वाचा वाटू लागतो.

माप न पाळण्याचं सुख मात्र आपण सगळ्यांनी लहानपणी दिवाळीत घेतलेलं आहे. इमारतीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ, विटा आणि गोणपाट रचून किल्ला व्हायचा. त्यावर चिखल लिंपायचा, हळीव आणि मोहरी पेरायची, पायऱ्यांना गेरू लावायचा. सिंहासनावर बसलेले महाराज बालेकिल्ल्याहून उंच, तळ्यातलं प्लॅस्टिकचं बदक तोफेहून मोठं, आणि महादरवाज्यात कुणाच्या तरी खेळण्यातला हिरवा रणगाडा पहाऱ्याला. सतराव्या शतकात हा कसा, असं विचारणारा कुणी भेटला नाही. परीक्षक काकासुद्धा कौतुकाने बघून पुढच्या किल्ल्याकडे जायचे. डायोरामा म्हणून परदेशी मासिकांत जे मिरवलं जातं ते आपल्या आळीत पूर्वापार होतं, फक्त तुळशीच्या लग्नापर्यंत ते मातीला मिळायचं. हळिवाचं गवत इतक्या झपाट्याने वाढायचं की चार दिवसांत मावळे जंगलात हरवायचे. वेदरिंगचा, म्हणजे झीज आणि मळ रंगवण्याचा, पहिला धडा मी तिथे घेतला असणार. गेरू ओला असताना लालभडक दिसतो, वाळला की विटकरी होतो आणि कुणाचा पाय पडला की काळवंडतो.

आता तोच उद्योग जरा शिस्तीत चालतो. मूळ हिरवा बसला की त्यावर चकचकीत वॉर्निश, मग चिन्हं, मग वॉश. वॉश म्हणजे तैलरंगाचं पातळ पाणी: थेंबभर बर्न्ट अंबर भरपूर टर्पेंटाइनमध्ये. ते रिव्हेटच्या मुळाशी, झाकणाच्या फटीत बारीक ब्रशने नुसतं टेकवायचं, पुढे ते आपोआप धावतं. हा रंग मी कॅम्लिनचा वापरते. दिगंबर आणि गोविंद दांडेकर या भावांनी १९३१ साली शाईची पूड करून हा धंदा सुरू केला आणि पुढे तो अंधेरीत स्थिरावला. विलायती तैलरंगाची ट्यूब आणून काही फरक पडतो का, तर फार नाही. तेल जास्त वाटलं तर रंग आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा. पुठ्ठा तेल पितो आणि रंग मॅट वाळतो. याच रंगाचे पिवळे, पांढरे, तपकिरी ठिपके पत्र्यावर देऊन ओल्या ब्रशने खाली ओढले की उन्हात विटलेला, पावसात ओघळलेला हिरवा दिसू लागतो.

मिठाची युक्ती मला सगळ्यात आवडते. आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर पाण्याचा हात फिरवून जाडं मीठ भुरभुरायचं, वाळू द्यायचं आणि वरून हिरवा मारायचा. मग बोटाने मीठ खरवडलं की जिथे खडा होता तिथे खालचा रंग उघडा पडतो. निसर्गाचं वेडंवाकडंपण हाताला साधत नाही, मिठाला साधतं. मुलुंडपासून भांडुप-कांजूरपर्यंत मिठागरं पसरलेली आहेत. ज्या खाऱ्या वाऱ्याने आमच्या खिडकीच्या जाळ्या खाल्ल्या त्याच वाऱ्याचा खडा मी रणगाडा खायला वापरते, एवढं साटंलोटं चालायचंच.

मात्र इथेच मुंबईकराचा घात होतो. आपला डोळा गंजावर पोसलेला. ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग, तरी कोपऱ्यातून नारिंगी ओघळ येतोच. घाटकोपर ते मुलुंड लोकलच्या दारात उभं राहिलं तर रुळांलगतची खडी, खांब, भिंती सगळं ब्रेकच्या लोखंडी भुकटीने तपकिरी झालेलं दिसतं. हे बघत वाढलेल्या माणसाच्या हातून मॉडेलवर गंज जरा सढळच पडतो. चालत्या पलटणीतला रणगाडा असा गंजत नाही. त्याची रोज निगा राखली जाते आणि जाड चिलखताला पंधरा दिवसांत भोकं पडत नाहीत. गंज शोधायचा तो एक्झॉस्टच्या नळकांड्यावर, कारण तापून तिथला रंग जळून जातो. पट्ट्याच्या कड्या जिथे जमिनीवर आणि चाकावर घासतात तिथे लोखंड उलट चांदीसारखं चकाकतं. ग्राफाइटची पेन्सिल नुसती फिरवली तरी तो चकाकता धातू जमतो. प्रदर्शनांत मांडलेली अर्धी मॉडेलं मला भंगारात काढलेली वाटतात, युद्धातून आलेली वाटत नाहीत. हे जरा उद्धट मत आहे, पण आहे.

प्रत्येक डागाला कारण पाहिजे आणि कारणाला तारीख. माझ्या सेंच्युरियनची तारीख १६ डिसेंबर १९७१. जागा शकरगढच्या आघाडीवरची बसंतर नदी, रेजिमेंट १७ पूना हॉर्स. त्याचे कमांडर अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मलेले, १४ ऑक्टोबर १९५०ला. १९७१च्याच जूनमध्ये त्यांना कमिशन मिळालं होतं. वय २१. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव ‘फामागुस्ता’. सुरुंग पूर्ण निघालेले नसताना रेजिमेंट सुरुंगक्षेत्रातून पार झाली आणि १६ तारखेला समोरून पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचे हल्ले आले. आपला रणगाडा पेटलेला असताना तो सोडून द्यायचा हुकूम खेत्रपालांनी मानला नाही, कारण तोफ चालू होती. तिथेच ते गेले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्याच दिवशी ढाक्यात शरणागती झाली. त्याच रेजिमेंटचे, १९६५च्या युद्धात पडलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले. त्यांनाही परमवीरचक्र, आणि त्यांचाही रणगाडा सेंच्युरियनच.

आता प्रश्न असा की, १६ तारखेचे किती वाजले ते रंगवायचं? मॉडेलवाल्यांना तोफगोळ्याची भोकं, काजळी, फाटलेला पत्रा यांचा मोह असतो. तापवलेल्या सुईने प्लॅस्टिक वितळवून हुबेहूब भोक पाडता येतं, ते मला येतंही. या रणगाड्यावर मी ते करणार नाही. कौशल्य दाखवायला जी जागा सगळ्यात चांगली तिथेच एक माणूस गेलेला आहे. मी सकाळ घेतली: नदी ओलांडून झालेली, मोठी चकमक अजून पुढे.

एवढं ठरवलं की मातीचे थर आपसूक सुटे होतात. ३ डिसेंबरला पश्चिम आघाडी पेटली, तेव्हापासूनची धूळ सगळ्यात खाली, फिकट आणि सर्वदूर. तिच्यावर चाकांच्या मधल्या भागात वाळलेला जुना चिखल. सगळ्यात वर, पट्ट्यांच्या खालच्या बाजूला, नदीकाठचा ओला चिखल. तीच भुकटी चकचकीत वॉर्निशमध्ये कालवली की ओली दिसते आणि टर्पेंटाइनने बसवली की कोरडी. मातीचा रंग मात्र आपल्याकडचा चालत नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखा काळा कातळ, त्याची झीज झालेली काळी माती, टेकड्यांचा लाल मुरूम, खाडीचा करडा गाळ, हे सगळं दाराशी फुकट आहे आणि सगळं खोटं ठरेल. पंजाबची माती नद्यांनी आणलेली गाळाची, फिकी, पिवळसर. तिच्यासाठी पिवडी, राख आणि चिमूटभर गेरू खलबत्त्यात घोटावं लागतं. वाळवलेला चहाचा चोथा शेताच्या ढेकळांना कामाला येतो.

सगळ्यात जास्त वेळ मी झिजेवर घालवते. चालक पुढच्या उतरत्या पत्र्यावर पाय देऊन आपल्या झाकणाशी येतो, बाकीचे तिघे फेंडरवरून बुरुजावर चढतात. त्यांच्या बुटांच्या वाटा ठरलेल्या असतात. तिथली धूळ पुसली जाते, हिरवा गुळगुळीत होतो, कडांवर धातू डोकावतो. कमांडरच्या झाकणाच्या कडेवर जिथे हात टेकतो तिथेही तसंच. आत एकही पुतळा न बसवता चार माणसं ये-जा करत होती हे कळलं पाहिजे. स्पंजच्या तुकड्याने केसाएवढे टवके द्यायचे आणि लगेच थांबायचं. थांबायचं कुठे हे शिकवणारं मला कुणी भेटलं नाही.

खरा फामागुस्ता नगरला आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर, लष्कराचं आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल तिथेच, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही. एका आवारात सेंच्युरियन, पॅटन, शर्मन, चर्चिल, जपानी, जर्मन अशी सगळी मंडळी उन्हात उभी असतात. सगळी स्वच्छ, एकसारख्या रंगात न्हालेली. लष्कराच्या दृष्टीने तेच योग्य. मळकट उभं राहणं तिथे शिस्तीत बसत नाही आणि मानवंदना धुतलेल्या पोशाखातच द्यायची असते. पण त्यामुळे एक उलटापालट झाली आहे. लढून आलेल्या लोखंडावर लढाईची माती राहिलेली नाही, आणि ती माती चढवत बसलो आहोत आम्ही, ज्यांनी तोफेचा आवाजही लांबून ऐकलेला नाही. म्हणून हात सैल सोडायची भीती वाटते. नगरच्या रणगाड्याला कुणी चुकीचा म्हणणार नाही, माझ्याला म्हणू शकतं.

घरात पहिली हरकत कामाला येणाऱ्या मावशींनी घेतली. समोरची इमारत पुनर्विकासाला गेल्यापासून आमच्याकडे सिमेंटची धूळ दिवसातून दोनदा बसते. मावशी फडकं घेऊन कपाटाशी गेल्या आणि म्हणाल्या, “ताई, याच्यावर तर नुसता धुरळा हाय, पुसू का?” मी ओरडलेच. मग समजावलं की ही धूळ मी मुद्दाम लावली आहे. खरी धूळ चालत नाही, तिचा कण फार मोठा. कापसाचा एक मिलिमीटरचा तंतू या मापात अर्ध्या बोटाएवढा लांब दिसतो. म्हणून खरी धूळ मऊ ब्रशने झाडायची आणि लावलेली ठेवायची. मावशींनी हे शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं माहेर राहुरीकडचं, के. के. रेंजच्या जवळचं. लष्कराचं सरावाचं ते मैदान, तिथे लहानपणापासून त्यांनी खरे रणगाडे धावताना पाहिलेले. मॉडेलभोवती वाकून त्यांनी एक फेरी मारली.

“समोर लय लावली तुमी,” त्या म्हणाल्या. “गाडी पुढं पळती, धुरळा मागं उठतो. तिच्या पाठीवर बसतो, नायतर मागनं येणाऱ्याच्या तोंडावर. ही पयली हाय का मागची?”

पूना हॉर्सच्या रांगेत त्या सकाळी फामागुस्ता कितवा होता हे मी अजून शोधते आहे. तोवर मागच्या पत्र्यासाठी पिवडी घोटून ठेवली आहे, राख थोडी जास्त घालून.