शिवाजी फॉन्टमधली पत्रं

ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा माझा मित्र हंगाम संपला की लांबलचक पत्रं लिहायचा. कारखान्याचे दिवस फिरले, तसा तो आधी कोल्हापूरकडं आणि मग कर्नाटकातल्या एका कारखान्यावर गेला. तेरणानगर या कारखान्याच्या वसाहतीतली बाकीची मंडळीही पांगली. कुणी चाकणला, कुणी लातूरला. पोस्टानं येणारी त्याची पत्रं पुढं ईमेलनं यायला लागली आणि तिथून आमचा खटाटोप सुरू झाला.

पहिली फाईल उघडली तर पानभर रोमन अक्षरं, मधेच डॉलरची खूण, मधेच कंस. रात्री फोन लावला.

"काय दिसायलंय तुला?"

"सगळं इंग्रजीच दिसायलंय. अर्थ काहीच लागंना."

"मी शिवाजी फॉन्टात लिहिलंय. थांब, फॉन्टची फाईलच पाठवतो. कंट्रोल पॅनलमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात टाक."

शिवाजी, कृतिदेव यांसारखे त्या वेळचे फॉन्ट आतून रोमनच असत. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठत. फॉन्ट त्या जागी मराठी आकार काढून दाखवी. म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचा चिवडा होई. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले होते, पण ती सोय आमच्यासारख्यांच्या टेबलापर्यंत यायला फार वर्षं गेली. आली तेव्हाही माझ्या विंडोज एक्सपीवर ऱ्हस्व वेलांटी डावीकडं यायची ती उजवीकडं जाऊन बसे आणि जोडाक्षरं सुटी होत. भाषेच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत टिक केली की दुरुस्ती होते, असं त्यानंच सांगितलं. पण टिक करताच यंत्र मूळ सीडी मागू लागलं. ती लातूरच्या एका दुकानदाराकडून आणवली.

ते दिवस भारनियमनाचे होते. वीज गेली आणि परत आली की संगणकाची तारीख थेट २००२ सालात जायची आणि ईमेल उघडायचंच बंद व्हायचं. पडद्यावर सुरक्षा प्रमाणपत्राबद्दलची इंग्रजी सूचना यायची. टेलिफोनच्या लाईनवाल्याला दोनदा बोलावून झालं. शेवटी पुन्हा मित्रालाच फोन.

"खाली कोपऱ्यात साल कुठलं हाय?"

"२००२."

"मग कसं उघडंल? ते प्रमाणपत्र आत्ताचं, तुझं यंत्र मागच्या सालात. त्याला वाटतंय ते अजून लागूच झालं नाही. आतला सेल बदल."

मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा चपटा गोल सेल असतो. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून ते नाव. वीज नसताना आतलं घड्याळ त्या तीन व्होल्टवर चालतं. घड्याळाच्या दुकानात तो मिळाला. त्याच सुमाराला रॅम काढून तिचे पितळी रंगाचे दात खोडरबरानं पुसायलाही मी त्याच्याकडूनच शिकलो.

हे सगळं फोनवर चाले. दुरुस्ती पाच-दहा मिनिटांची, बोलणं तासाभराचं. यंदा साखरेचा उतारा कसा पडला, पोरं कुठं शिकतात, तेरला गोरोबाकाकांच्या यात्रेला येतोस का, वसाहतीतल्या कुणाचं काय झालं. आमच्याकडची पुरुषमाणसं नुसतं 'कसा आहेस' एवढं विचारायला फोन करत नाहीत, संकोचतात. काम निघालं की मोकळी होतात. मला त्या बिघडलेल्या संगणकानं वर्षानुवर्षं काम पुरवलं, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. आता व्हॉट्सॲपवर आमचा ग्रुप आहे, मराठी कुठल्याही फोनवर नीट दिसतं, सकाळी फुलांचे फोटो येतात. पण महिना-महिना कुणाचा आवाज कानावर पडत नाही.

म्हणून मी त्याची जुनी पत्रं युनिकोडमध्ये आणायला घेतली. फॉन्ट बदलून देणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, बराचसा मजकूर सरळ येतो. अडतं ते 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतल्या अर्ध्या र-पाशी आणि काही जोडाक्षरांपाशी. एक-एक ओळ मूळ पत्राशी ताडून बघावी लागते. महाराष्ट्रात छोट्या छापखान्यांची, मासिकांची, हौशी लेखकांची किती पानं अशी जुन्या फॉन्टांत अडकून पडली असतील, या विचारानं जीव कळवळतो. ज्यांच्याकडं आहेत त्यांनी ती आत्ताच सोडवून घ्यावीत. यंत्रं आणि माणसं दोन्ही जुनी होत चालली आहेत.

रविवारी फोन लावून त्याला शंका विचारतो. परवा एका पत्रातला उताऱ्याचा आकडा लागेना. "अकरा की बारा?" म्हणून विचारलं, तर आधी त्या हंगामातला पाऊस आठवला, मग उसाची जात, मग म्हणाला, "अकराच. बारा पडला असता तर मी पेढे घेऊन ढोकीला आलो असतो." झालेली पत्रं कागदावर काढून पाठव, असंही त्यानं बजावलंय. अक्षर सोळा पॉइंटाचं हवं, डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय त्याचं.