करंजी घाट आणि सात आसनांची गाडी

नगरहून पाथर्डीला जाणारा रस्ता भिंगार ओलांडून चांदबिबी महालाच्या डोंगराजवळून जातो आणि पुढे गर्भगिरीच्या रांगांतून करंजी घाटाने खाली उतरतो. महाल म्हणून ओळखली जाणारी ती अष्टकोनी वास्तू वस्तुतः निजामशाहीतील सलाबतखानाची कबर आहे, हे तिथे सहलीला जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. घाटापलीकडचा मुलूख आपल्या समाजाला विशेष जवळचा. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी ही आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांची जन्मभूमी; १९१३ मध्ये मिरी येथे त्यांची दीक्षा झाली. साधुसाध्वी हा मार्ग अनवाणी पायांनी कापतात. त्यांच्या दर्शनाला आपण मात्र आजी-आजोबा, सुना, नातवंडे, गरम पाण्याची भांडी आणि डबे घेऊन गाडीने निघतो. ती गाडी कोणती असावी, हा प्रश्न आज अनेक घरांत हिशेबाच्या वहीपाशी येऊन थांबला आहे.

सर्वांना एकत्र नेणाऱ्या गाडीचे नगरशी नाते जुने आहे. मूळच्या नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमलजींनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली. याच कंपनीच्या मॅटॅडोरने पुढे महाराष्ट्रातील कितीतरी वऱ्हाडे आणि यात्रा वाहिल्या. त्यांचे बंधू हस्तीमलजी यांची लुना तर नगरच्याच कारखान्यात तयार होई. परंतु दुकानदाराच्या घरात खरी रुळली ती १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, नंतरची ओम्नी. आठवडाभर आठवडी बाजाराचा माल आणि रविवारी कुटुंब, अशी तिची दुहेरी चाकरी. पुढच्या आसनाखालीच इंजिन असल्याने वैशाखात चालकाला खालूनही ऊन लागे, तरी कोणी तक्रार केली नाही. सुरक्षेचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

तिची जागा घेणारी इको आजही सर्वांत स्वस्त आहे. माल वाहायला तिच्यासारखी दुसरी नाही. कुटुंबासाठी मात्र माझे मन तिच्याकडे वळत नाही. एअरबॅग नसलेल्या इकोला २०१६ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत शून्य तारे मिळाले होते. आता एअरबॅग आल्या आहेत. पण जुनी इको घेणाऱ्याने ती कोणत्या वर्षाची आहे आणि एअरबॅग किती आहेत, हे पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये.

उरतात ट्रायबर आणि अर्टिगा. ट्रायबर चार मीटरच्या आत बसते, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. लांब अर्टिगावर तो ४० टक्के आहे. किमतीतील अंतर काही लाखांचे. ट्रायबरला २०२१ मध्ये चार तारे मिळाले, अर्टिगाला २०१९ मध्ये तीन. निकष कडक झाल्यावर दोघींचे तारे घटले. इथवर हिशेब ट्रायबरच्या बाजूने दिसतो. तिची शेवटची रांग काढून ठेवता येते, मग दुकानाचा मालही बसतो. पण रांग लावली की मागे फक्त ८४ लिटर जागा, म्हणजे जेमतेम दोन-तीन पिशव्या. आणि इंजिन ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरचे.

हे इंजिन शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर चांगलेच वाटते. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते, कारण पाथर्डीहून येताना करंजी घाट चढायचा असतो. दर्शन, मांगलिक, ओळखीपाळखी यांत वेळ गेलेला असतो, सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवायचे असते, आणि पुढे मराठवाड्यातून आलेला मालट्रक रेंगाळत असतो. सात माणसे भरलेली लहान इंजिनाची गाडी अशा वेळी दुसऱ्या गिअरवर येते. ओलांडून जाण्याचा मोह होतो तोही तिथेच, वळणावर. चालक शांत असेल, संध्याकाळचे जेवण सोबतच्या डब्यातून करंजीतच उरकून घेण्याची सवय असेल, आणि असे प्रवास वर्षातून चार-सहाच होत असतील, तर ट्रायबर पुरेशी आहे. दर पंधरा दिवसांनी घाट चढणाऱ्या भरल्या घराने मात्र नव्या ट्रायबरच्या पैशांत चार-पाच वर्षे वापरलेली १४६२ सीसीची अर्टिगा पाहावी.

जुनी घेताना आर.सी. बारकाईने वाचावे. टॅक्सी म्हणून पिवळ्या पाटीवर धावलेल्या अर्टिगा पुढे पांढरी पाटी लावून विकायला येतात. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आणि सर्व्हिसच्या पावत्यांवरील किलोमीटर मीटरशी जुळवून पाहावेत. सीएनजीची टाकी सामानाच्या जागेतच बसते, हेही विसरू नये.

आणखी एक गोष्ट. गाडी पाहायला जातात ते घरातील कर्ते पुरुष, आणि बसून पाहतात पुढच्या आसनावर. तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी घेऊन बसतात त्या सुना आणि मुले. त्यांना कोणी विचारत नाही. आजींचा पाय पायरीवर सहज पोहोचतो का, मधले आसन सरकवायला जोर लागतो का, मागे वारा येतो का, हे सारे घरच्यांना नेऊनच कळते. नगरजवळच्या वाहननगर येथील संरक्षण खात्याची संस्था वाहने नियमांत बसतात की नाही, हे तपासते. आपल्या आजींचा गुडघा ती तपासणार नाही. विक्रेता करंजी घाटापर्यंत गाडी न्यायला राजी नसेल, तर चांदबिबी महालाच्या चढापर्यंत तरी न्यावी. सातही जणांना बसवून.