२८४ची रेघ

मास स्पेक्ट्रोमीटरच्या खोलीत साबणाला बंदी असते. काचेची भांडीसुद्धा तिथे साबणाने धुवत नाहीत. मिथेनॉल आणि शुद्ध पाणी, बस्स. साबणाचा अंश यंत्रात शिरला की तो बाकीच्या रेणूंना मागे रेटतो, नळ्यांना आतून चिकटून बसतो आणि पुढे कित्येक दिवस दुसऱ्याच कुणाच्या नमुन्यात तोंड दाखवत राहतो. पीएच.डी.च्या कामासाठी मी नेमकं साबणाच्याच जातीच्या सर्फॅक्टंटचं द्रावण घेऊन त्या खोलीच्या दाराशी गेले, आणि पुण्यातल्या आमच्या संस्थेत ते यंत्र सांभाळणाऱ्या मॅडमनी मला आत घेतलं. त्यांना नाही म्हणायला सबळ कारण होतं. त्या म्हणाल्या, “घेऊन ये. पण शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांचे नमुने संपल्यावर. आणि शनिवारी सोर्स आपण दोघींनी धुवायचा.” सोर्स म्हणजे यंत्राचा तो भाग, जिथे नमुना फवारून त्याचे आयन बनतात.

माझा विषय होता सीटॅब. सॅव्हलॉनमध्ये जे सेट्रिमाइड असतं त्याचाच हा जातभाई: सोळा कार्बनांची, पाणी टाळणारी शेपटी, पाण्यात रमणारं धनभारित डोकं, आणि त्याच्या जोडीला ऋणभारित ब्रोमाइड. लिटरभर पाण्यात साधारण ०.३३ ग्रॅमच्या पुढे गेलं की त्याचे सगळेच रेणू सुटे राहत नाहीत. शेपट्या आत, डोकी बाहेर अशी जवळपास शंभर-शंभर रेणूंची मिसेल बनू लागतात. साबणाचे रेणू द्रावणात असे गट करतात, ही कल्पना ब्रिस्टलच्या जेम्स मॅकबेन यांनी १९१३ मध्ये मांडली. तेव्हापासून वाहकता, पृष्ठताण, प्रकाशाचं विकिरण अशा वाटांनी लोक या गटांची सरासरी काढत आले. मला सरासरी नको होती. दोघांचा गट, तिघांचा, दहांचा, असं एकेक वेगळं पाहायचं होतं, आणि ते वजनावरून रेणू ओळखणाऱ्या या यंत्रालाच जमण्यासारखं होतं.

डिसेंबरात माझ्या बाटलीच्या तळाशी पांढरे स्फटिक बसले होते, ते मॅडमच्या नजरेने टिपले. सीटॅब साधारण पंचवीस अंशांच्या खाली पाण्यात नीट विरघळून राहत नाही, आणि पुण्यातली थंडीची संध्याकाळ त्याच्या खाली उतरते. “हे असंच घातलं तर सुई चोंदेल गं,” म्हणत त्यांनी बाटली कोमट पाण्यात धरली, सिरिंजही त्याच पाण्यात गरम केली, आणि द्रावण नितळ होईपर्यंत हातातून खाली ठेवलं नाही.

पडद्यावर सगळ्यात उंच रेघ २८४.३ला उभी राहिली. ब्रोमाइड सोडून एकटाच आलेला सीटॅबचा आयन. पुढे ६४७.६ आणि ६४९.६, जवळजवळ सारख्या उंचीची जोडी. “ब्रोमिन ओळखायला शीक,” मॅडम म्हणाल्या. “निसर्गात त्याचे ७९ आणि ८१ वजनाचे अणू जवळपास निम्मे-निम्मे असतात. म्हणून एक ब्रोमिन असला की जोडी दिसते.” म्हणजे सीटॅबचे दोन आयन आणि त्यांना धरून ठेवणारा एक ब्रोमाइड. त्यापुढच्या गटात ब्रोमिन दोन, तिथे ठळक रेघा तीन, मधली दुप्पट उंच. मग त्यांनी ६४७ ते ६५० एवढाच पट्टा मोठा केला. एकेका एककाच्या अंतरावरच्या रेघांच्या बरोबर मध्यावर बारीक रेघा होत्या. यंत्र वजन भागिले विद्युतभार एवढंच सांगतं. त्यामुळे एक भार घेतलेला दोघांचा गट आणि दोन भार घेतलेला चौघांचा गट एकाच जागी येऊन बसतात. अर्ध्या अंतरावरची ती रेघ चौघांची खूण. ती वाचायला मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

त्यांचा एक प्रश्न मात्र कायमचा असे: हे पाण्यातलं दिसतंय, की पाणी गेल्यावर झालेलं? इलेक्ट्रोस्प्रेमध्ये सुईतून उडालेला थेंब आटत जातो, तसं त्यातलं द्रावण दाट होत जातं. पाण्यात सुटे असलेले रेणूही त्या शेवटच्या क्षणी एकत्र येऊ शकतात. शिवाय निर्वातात शेपट्या लपवायला कारणच उरत नाही; उरतं ते डोकं आणि ब्रोमाइड यांचं विद्युत आकर्षण. म्हणून तिथे रचना उलटीही होऊ शकते, डोकी आत आणि शेपट्या बाहेर. यावर उपाय त्यांनीच सुचवला. “भरपूर मिथेनॉल घालून बघ. त्यात मिसेल टिकत नाहीत. तरी गट दिसले तर काय म्हणशील?” छोटे गट दिसले, अगदी ठळक दिसले. त्या रेघा म्हणजे मिसेलचा पुरावा नव्हे, हे त्यातून सिद्ध झालं, आणि माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे.

एका शनिवारी, सोर्सचे भाग मिथेनॉलमध्ये सोनिकेटरला लावून बसलो असताना, त्यांनी मला एक शोधनिबंध वाचायला दिला. केंब्रिजच्या कॅरल रॉबिन्सन यांच्या गटाचा, २००८चा. पेशीच्या पटलातलं एक प्रथिनसंकुल त्यांनी डिटर्जंटच्या मिसेलमध्ये गुंडाळलेलं तसंच निर्वातात नेलं आणि तिथे वायूच्या रेणूंशी टकरा घडवून डिटर्जंट उतरवलं. संकुल अखंड बाहेर आलं. ज्याला आपण दाराबाहेर ठेवतो तेच तिथे रक्षण करत होतं. मॅडमना त्याहून मोलाचं वाटे ते हे, की रॉबिन्सन सोळाव्या वर्षी शाळा सोडून फायझरमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागल्या, मास स्पेक्ट्रोमीटरचं काम तिथे शिकल्या आणि २००१ मध्ये केंब्रिजच्या रसायनशास्त्रातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. हे सांगताना मॅडमचा आवाज उजळायचा.

आमच्याकडे तांत्रिक अधिकाऱ्यांचं नाव लेखकांत घालायची पद्धत नव्हती. मॅडमचं नाव शेवटी आभारांत आलं, ‘यंत्र उपलब्ध करून दिल्याबद्दल’. यंत्र संस्थेचंच होतं. मॅडमनी दिला तो मिथेनॉलचा प्रयोग, ती अर्ध्या अंतरावरची रेघ, आणि २८४ची रेघ पुसली जाईपर्यंत घासलेले सोर्स. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत यंत्र चालवणाऱ्याचं नाव लेखकांमध्ये असतं. त्यावर मी कुणाशी वाद घालत बसत नाही.

निवृत्तीनंतर मॅडम सांगलीला असतात. आयन मोबिलिटीवर आम्ही आता या गटांचा आकार मोजतो, डोकी आत की बाहेर हे ठरवायला. परवा फोनवर मी त्याबद्दल बोलत होते, तर मला मध्येच थांबवून त्या म्हणाल्या, “असं तोंडी नको. मूळ स्पेक्ट्रम पाठव, बघते.”